गुरुवारची दोरी

मी, ओतिलिया सामुदियो बार्रादास, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, धंदा लाकडी ठसे कोरणे व छापणे, राहणार हालापा, वेराक्रूस, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुफ्फुसे नाहीत, पण त्यांचे इथे काम नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव आणतील अशी माणसे एके काळी माझ्याभोवती होती, आणि मी जी काही झाले ती त्यांच्यामुळे. आता भोवती जी आहेत ती टाळ्या वाजवतात.

तरुणपणी मी कायद्याची पदवी घेतली आणि ती कधी वापरली नाही. आज वापरते. याआधी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

कलम पहिले. माझ्या मालकीचे एकच घर आहे. ते उतरणीच्या गल्लीत आहे, वर दोन खोल्या, खाली कार्यशाळा. ते कोणाला जाते हे शेवटच्या कलमांत आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिकडे जावे. मधले न वाचल्यामुळे त्यांना ते समजणार नाही, पण अशा लोकांना न समजण्याची सवय असते.

खालच्या कार्यशाळेचे नाव 'एस्पिना', म्हणजे काटा. आम्ही सहा जणांनी ती सुरू केली तेव्हा सगळे तिशीच्या आतले होतो आणि एकमेकांचे तोंड पाहणे आम्हाला जड जात असे. तरी दर गुरुवारी पाहत असू. नियम असा होता. ज्याचा ठसा त्या आठवड्यात छापून झाला त्याने ओला कागद दोरीवर टांगायचा आणि खाली बसायचे. इतरांनी आधी दोष सांगायचे. सगळ्यांचे बोलून संपेपर्यंत करणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. 'सुंदर' हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याने शाईचे सगळे रूळ रॉकेलने धुवायचे. रॉकेलचा वास रविवारच्या प्रार्थनेपर्यंत हाताला राहत असे, म्हणून तो शब्द फार जपून वापरला जाई.

दुसरा नियम ठसा बाद करण्याचा. ठरलेल्या प्रती काढून झाल्या की लाकडावर कोरणीने आडव्यातिडव्या दोन रेघा मारतात, म्हणजे मागाहून कोणी चोरून प्रती काढू शकत नाही. हे सगळीकडेच करतात. एस्पिनामध्ये मात्र त्या रेघा ठसा करणाऱ्याने मारायच्या नसत. गुरुवारी जो सर्वांत कडू बोलला असेल त्याच्या हातात कोरणी दिली जाई. ज्याने इतके नीट पाहिले, शेवटचा हात त्याचाच.

कलम दुसरे. पलंगाखालच्या खोक्यात माझ्याविषयी छापून आलेली कात्रणे आहेत. त्यांतली बहुतेक समीक्षक डॉन एरिबेर्तो किरास्को यांनी लिहिलेली आहेत. त्यांनी माझ्या प्रत्येक प्रदर्शनावर लिहिले आणि प्रत्येक वेळी 'कोमल स्त्रीसुलभ संवेदना' लिहिले. मी कसायाचे दुकान कोरले तेव्हाही, आणि दंगलीत मेलेल्या घोड्याचा ठसा केला तेव्हाही. तो माणूस दालनात शिरताना खाण्याच्या टेबलाकडे पाहत असे आणि बाहेर पडताना घड्याळाकडे. मधल्या वेळात तो काय पाहत असे मला माहीत नाही. त्याने एकदा जरी लिहिले असते की या बाईला घोड्याचे पाय जमत नाहीत, तर मी त्याला जेवायला बोलावले असते. खोके जसेच्या तसे त्यांच्याकडे परत पाठवावे. वाहतुकीचा खर्च माझ्याकडून. मला मिळालेले पदक कार्यशाळेच्या खिडकीला अडसर म्हणून लावले आहे. ते तिथेच राहू द्यावे, खिडकी वाऱ्याने आपटते.

कलम तिसरे. माझे बाद केलेले सर्व ठसे कार्यशाळेच्या भिंतीवर आहेत. ते कुठल्याही संग्रहालयाला देऊ नयेत. तिथे ते काचेमागे जातील आणि लोक हळू आवाजात बोलतील. ते भिंतीवरच, हाताच्या उंचीवर राहावेत, म्हणजे येणाऱ्याला त्या दोन रेघांवरून बोट फिरवता येईल.

यांतल्या एकाविषयी लिहिणे भाग आहे. आई गेली त्या वर्षी मी तिचा ठसा केला. खिडकीशी बसलेली, शाल डोक्यावरून पुढे ओढलेली. शालीचा एकेक धागा मी कोरला होता. गुरुवारी कागद दोरीवर लावला. एकाने डोळे पुसले. मग क्रिसान्तो उत्रेरा बोलला. हा औषधविक्रेत्याचा मुलगा. कायद्याच्या वर्गात माझ्यामागे बसे आणि माझ्याबरोबरच त्या वर्गाला कंटाळला.

"शाल छान विणलीस," तो म्हणाला. "आता आई कुठंय ते दाखव."

कोणीतरी म्हणाले, "क्रिसान्तो, अरे जरा वेळ बघून बोल."

"वेळ बघूनच बोलतोय. उद्या हिच्या पन्नास प्रती निघतील. चेहरा काढायची हिंमत झाली नाही म्हणून तो सावलीत ढकललाय हिनं. आम्हाला रडवायचं आणि आपण शालीमागं लपायचं. ओतिलिया, ही तुझी आई नाही, ही कुणाचीही आई आहे."

मी शाईचा डबा त्याच्या अंगावर फेकला. नियम न बोलण्याचा होता, फेकण्याबद्दल काही ठरलेले नव्हते.

तो सदरा गेला. पण आईचा चेहरा आला. नव्या लाकडावर, सबंध हिवाळा खपून, तिच्या वाकड्या हनुवटीसकट आणि माझ्यावरच्या रागासकट. माझ्यामागे माझे काही उरले तर तेवढे एक उरेल. तो ठसा बाद करायला कोरणी क्रिसान्तोच्याच हातात दिली. दुसरी रेघ वाकडी गेली आहे. ती पाहून घ्यावी.

पुढे काही वर्षांनी हाच क्रिसान्तो नवा कोट घालून माझ्याकडे आला आणि लग्नाचे विचारले. मी म्हटले, "आधी हे बघ," आणि नुकताच छापलेला कागद दाखवला. कागद वाईट होता. मला ते माहीत होते. त्याने त्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "सुंदर आहे."

मी म्हटले, "रूळ तिकडे आहेत."

त्याने कोट काढून खुंटीला लावला, सगळे रूळ धुतले आणि गेला. पुढच्या गुरुवारी येऊन त्याने त्याच कागदाच्या चिंध्या केल्या. पुन्हा लग्नाचे त्याने विचारले नाही, आणि मला तो त्यानंतरच आवडू लागला. हे मी त्याला सांगितलेले नाही. आता वाचेल.

कलम चौथे. माझ्या सर्व कोरण्या, धार लावायचे दगड आणि चामड्याचा पट्टा खालच्या कार्यशाळेत शिकणाऱ्या अबिगाइल कोन्त्रेरास हिला द्यावा. का, ते लिहिते, कारण ते लिहिताना मला पुन्हा शिसारी येणार आहे आणि ती यायलाच हवी.

माझी छाती बिघडली तेव्हा कार्यशाळेच्या किल्ल्या मी माझ्या भावाच्या मुलीकडे, दलिलाकडे दिल्या. दलिला कष्टाळू आहे, हिशेबाला चोख आहे आणि कोणाच्या मनाला लागेल असे बोलत नाही. सहा महिन्यांत दारावरची पाटी बदलली. 'एस्पिना' गेले, 'आब्रासो' आले. म्हणजे मिठी. दोरी गुंडाळून फळीवर ठेवली. आता गुरुवारी ते गोल करून उशांवर बसतात. प्रत्येकाने कागदाकडे पाहून आपल्याला 'काय वाटले' ते सांगायचे, आणि प्रत्येकाला चांगलेच वाटते. मग टाळ्या. वरच्या खोलीत मला त्या ऐकू येतात. गरम दुधावर साय धरावी तसा तो आवाज माझ्या जिन्यावर साचतो.

या वर्षी झऱ्याचे पाणी एका कंपनीला विकण्याविरुद्ध गावात मोर्चा निघायचा होता. भित्तिपत्रकाचे काम अबिगाइलला मिळाले. तिने घागर घेतलेली बाई कोरली, बाईच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'पाणी आमचे आहे'. बाई चांगली होती. पण लाकडावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, तरच कागदावर सुलटी उमटतात, आणि त्या पोरीने घाईत ती सुलटी कोरली. हे कोणाचेही होते. माझे झाले आहे, क्रिसान्तोचे दोनदा झाले आहे. म्हणूनच तर दोरी असते.

पहिला कागद त्या गोलाच्या मध्ये ठेवला गेला. वाक्य आरशातल्यासारखे उलटे. सगळ्यांनी पाहिले. एक जण म्हणाला, धाडसी आहे. दुसरी म्हणाली, व्यवस्थेला उलटे वाचायला लावणारे आहे. टाळ्या झाल्या. अबिगाइलने पुन्हा पाहिलेच नाही. टाळ्या झाल्यावर कोण पाहते? आणि गावभर भिंतींवर ते चिकटले.

मी पाव आणायला निघाले तेव्हा कोपऱ्यावर मक्याच्या पानांत वाफवलेले तामाले विकणारी दोन्या फिलोमेना भित्तिपत्रकासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय हो बाई, ही कुठल्या देशाची भाषा? मी आधी चष्मा पुसला. मग म्हटलं, तामालेची वाफ लागली असेल. मग नवऱ्याला हाक मारली, तर त्यालाही वाचता येईना. त्याला एरवीही येत नाही म्हणा."

पलीकडे कंपनीची दोन माणसे मोबाइलवर त्याचा फोटो काढत हसत होती. मला तेवढ्यात अबिगाइल दिसली, गोंदाची बादली घेऊन चढ चढत येत होती. मी तिला तिथेच, रस्त्यात सांगितले.

"तुम्हाला कुणी विचारलं, बाई?" ती म्हणाली. "सगळ्यांना आवडलंय."

"वाचून दाखव."

तिने पाहिले. मग ती पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "पंधरा माणसं होती खोलीत. सगळ्यांना वाचता येतं. त्यांना दिसलंच असेल ना? मग कुणीच का नाही बोललं?"

फिलोमेनाने तिला गरम आतोलेचा, म्हणजे मक्याच्या पेजेचा, पेला दिला आणि माझ्याकडे रागाने पाहून म्हणाली, "तुमचं झालं असेल टोचून तर पोरीला पिऊ द्या."

पोरीने पेला खाली ठेवला आणि मला विचारले, "बाईची मान कशी वाटते? खरं सांगा. अक्षरं सोडा."

मान आखडलेली होती. मी तसे सांगितले. तिने वाद घातला. म्हणाली, घागर भरलेली आहे, मान आखडणारच. मी म्हटले, घागर भरलेली असेल तर खांदा कुठे आहे? बसून भांडलो, तामालेची डेग संपेपर्यंत. कोरण्या तिच्या.

कलम पाचवे. त्याच दुपारी मी खाली जाऊन दलिलाशी बोलले. कोणाचे काय म्हणणे होते ते इथे नोंदवते, कारण त्याचा घराशी संबंध आहे.

मी विचारले, "तुला दिसलं होतं का?"

"दिसलं होतं, आत्या."

"मग?"

"तिनं दोन महिने खपून केलं होतं. सगळ्यांसमोर तिला कसं सांगू? आम्ही ठरवलंय, इथं कुणाला दुखवायचं नाही."

"खोलीत दुखवायचं नाही, आणि अख्ख्या गावात हसं होऊ द्यायचं. ह्याला तुम्ही माया म्हणता? मला किळस येते, दलिला. नरकात जाणाऱ्याला तुम्ही टोपीचं कौतुक करून निरोप द्याल."

तेव्हा ती उसळली. तिला मी असे कधी पाहिले नव्हते. मान लाल झाली, हातातला रूळ तिने शाई पसरायच्या संगमरवरी फरशीवर आपटला.

"आणि तुमची ती दोरी! रेमेदियोस आठवते, तुमच्याकडे शिकायला आलेली? तुम्ही सहा जणांनी मिळून तिची सालटी काढलीत. त्या रात्री ती गेली, आणि आज बँकेत बसते. एवढा चांगला हात होता तिचा! मी लहान होते, जिन्यावर बसून ऐकत होते. तुम्हाला भांडणाची नशा होती, आत्या. बरोबर बोलताय म्हणून चवीनं बोलायचात. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हातात किल्ल्या आल्या की ही दोरी खाली उतरवणार."

मी म्हटले, "रेमेदियोसला टिकायचंच नव्हतं."

"तुम्ही तिला विचारलंत का?"

विचारले नव्हते. दलिला बरोबर की चूक हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि मी सहसा लवकर ठरवते. पण किल्ल्या दिल्यापासून तिने मला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती. त्या संध्याकाळी आम्ही एकाच टेबलावर जेवलो. भात करपलेला होता तो दोघींनी खाल्ला.

कलम सहावे. घर व कार्यशाळा दलिला सामुदियो हिला मिळावी, परंतु या अटीवर की दर गुरुवारी दोरीवर ओला कागद लागेल, आधी दोष सांगितले जातील, आणि नोटरी आर्कोस वर्षातून एकदा न कळवता येऊन याची खातरजमा करतील. त्यांना मतभेद आढळला नाही तर घर विकून येणारी रक्कम अग्निशामक दलास द्यावी.

वरील कलम रद्द आहे. ते मी काल लिहिले. आज साक्षीसाठी क्रिसान्तो उत्रेरा व दोन्या फिलोमेना आले. सोबतच्या कच्च्या मसुद्यात छपाईचे यंत्र क्रिसान्तोला दिलेले होते. त्याने तो भाग वाचून विचारले, "मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. हे यंत्र काय डोक्यावर घेऊन झोपू?" मग म्हणाला, साक्षीदाराला काही मिळत नाही ना, मग मी साक्षीदार होतो. सही करायला पेन उचलले, आणि कलम सहापाशी थांबला.

"हे काय आहे?"

"अट."

"घर मिळावं म्हणून भांडायचं?"

"भांडण टिकावं म्हणून."

"ओतिलिया, हे तुझं आजवरचं सगळ्यात वाईट काम आहे." त्याने चष्मा काढला. म्हणजे आता तो थांबणार नव्हता. "नोटरी येणार म्हटलं की आदल्या दिवशी तालीम करतील. तू माझ्या ठशातल्या बोटीला शिव्या दे, मी तुझ्या ठशातल्या कोंबड्याला देतो. आर्कोस पावती फाडेल. पुन्हा उशांवर बसतील. तू टाळ्या बंद नाही केल्यास, फक्त त्यांचा आवाज बदललास."

"मग टाळ्या पिटणाऱ्यांना घर फुकट देऊ?"

"आपल्याला कुणी घर देऊ केलं होतं? तेव्हा ह्याच छपरातून पाणी गळायचं आणि आपण छत्र्या उघडून भांडायचो. आपण का यायचो, सांग."

फिलोमेना म्हणाली, "मी सांगू? तुम्हाला दुसरीकडे कुणी बोलावत नव्हतं म्हणून."

क्रिसान्तो हसला. मला हसू आले नाही. मी कॉफी केली. ती पिऊन संपेपर्यंत मी गप्प बसले, कारण नियम माझ्यासाठीही आहे. मग मी पेन त्याच्या हातात दिले. कलम सहावर दिसतात त्या दोन रेघा क्रिसान्तो उत्रेरा याने मारलेल्या आहेत आणि समासातली सही माझी आहे. कागद बदललेला नाही, म्हणजे खाली काय होते ते कोणालाही वाचता यावे. यावेळी रेघा सरळ आल्या आहेत.

कलम सातवे. घर, कार्यशाळा, छपाईचे यंत्र आणि रुळांची मांडणी दलिला सामुदियो हिला, बिनशर्त. तिने दारावर कोणती पाटी लावावी हे तिने ठरवावे. 'आब्रासो' हे नाव मला मेल्यावरही आवडणार नाही. हे मत आहे, अट नाही. ती माझ्यावर रूळ आपटून ओरडली, म्हणून घर तिला जाते. ज्या दिवशी ती तितक्याच जोराने आपल्या गोलातल्या एखाद्यावर ओरडेल त्या दिवशी ते घर तिचे होईल.

कलम आठवे. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधीचा खर्च करावा आणि उरलेल्यातून जाड कागद घ्यावा. दोन्या फिलोमेनाला माझी ओतीव लोखंडाची डेग द्यायची होती. साक्षीदार असल्याने देता येत नाही. तिने ती गेल्या महिन्यातच उसनी नेली आहे. कोणी परत मागू नये.

कलम नववे. अंत्यविधीला भाषणे नकोत. मेल्यावर स्तुती करणे हे जिवंतपणी न पाहिल्याचे प्रायश्चित्त असते, आणि ते माझ्या खर्चाने कोणी करू नये. डॉन एरिबेर्तो आल्यास त्यांना खाण्याच्या टेबलाजवळ उभे करावे.

त्याऐवजी असे करावे. माझा शेवटचा ठसा यंत्रावर आहे, कापडाखाली. त्यावर आमची कार्यशाळा आहे, त्या काळची, गळक्या छपराची. सहा जण छत्र्या घेऊन बसलेले आहेत. त्यात चुका आहेत. दोन मला माहीत आहेत, बाकीच्या इतरांनी शोधाव्या. मला पुरल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी अबिगाइलने त्याची एक प्रत काढावी. दोरी फळीवर, रॉकेलच्या डब्यामागे आहे. दलिलाची हरकत नसेल तर ती बांधावी, आणि हरकत असल्यास तिने ती तिथे सर्वांसमोर सांगावी. ओला कागद टांगावा. रेमेदियोसला बँकेतून बोलवावे. ती आली तर तिला पहिल्यांदा बोलू द्यावे, हवे तितके. कोणी 'सुंदर' म्हटले तर रूळ कुठे आहेत ते क्रिसान्तोला माहीत आहे.

सर्वांचे बोलून झाले की ठसा बाद करावा. जो सर्वांत कडू बोलेल त्याने रेघा माराव्यात. तो क्रिसान्तोच असेल असे धरून चालू नये, त्याला ते कमवू द्यावे.

ठसा करणारी नियमाप्रमाणे गप्प बसेल.

हे मृत्युपत्र मी वाचून, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्या समक्ष सही करीत आहे.

ओतिलिया सामुदियो बार्रादास

साक्षीदार:

१. फिलोमेना लुना, तामाले विक्री, उतरणीची गल्ली. सगळं ऐकलं. डेग परत देणार नाही.

२. क्रिसान्तो उत्रेरा. सही माझ्यासमोर झाली. कलम तीनमधला शेवटचा परिच्छेद कारण नसताना भावुक झाला आहे, तो काढावा.

काढणार नाही. ओ. सा. बा.

हालापा, वेराक्रूस. गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९.